नाव काढायचं नाही

आमच्या माळावर काहीच राहत नाही. मी नाही म्हणत, कागद म्हणतो. पाहणीच्या अहवालात एक रकाना होता, 'वन्यप्राण्यांचा वावर', आणि त्याच्यापुढं लिहिलं होतं, निरंक. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तो कागद डकवला होता. मी आबांना वाचून दाखवला, तर आबा म्हणाले, "निरंक म्हंजी कोन जनावर?"

तेव्हा मी लई हसले होते.

मी अक्षदा. आमची वस्ती चितेगावच्या मागच्या अंगाला, कंपन्यांची कंपाउंडं संपतात अन् माळ सुरू होतो तिथं. माझे आबा, बिरू, जन्मभर त्या माळावर मेंढरं चारत आले. मी सकाळी कंपाउंडच्या आत जाते, बाटल्यांची झाकणं खोक्यात भरते, संध्याकाळी बाहेर येते. माळ गायरान आहे. गायरान म्हणजे सगळ्यांचं, आणि सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही, हे आम्हाला तो कागद लागल्यावर कळलं. माळावर गोदामं होणार होती. गोदामं झाली की मेंढरं विकायची. मेंढरं विकल्यावर आबांनी काय करायचं, याला कुठं रकाना नव्हता.

प्रेरणाताई त्याच दिवसांत आल्या. शहरात क्रांती चौकाच्या मागं राहतात, कॉलेजात शिकवतात, अन् रविवारी गावोगाव फिरून लोकांना म्हणतात, तुमच्याकडं काय काय दिसतं ते नोंदवा. मंदिरापुढच्या ओट्यावर आम्हा पाच-सहा जणांना बसवलं आणि म्हणाल्या, "जे नोंदलेलं नाही ते नाहीच असं धरतात बरं का. भांडायला जाल तर पहिला प्रश्न तोच, पुरावा काय?" मग माझ्या फोनात एक ॲप टाकून दिलं. फोटो काढायचा. कुठं दिसलं, कधी दिसलं, ते फोन आपोआप लिहून घेतो. नाव माहीत असलं तर टाकायचं, नसलं तर मोकळं सोडायचं. कुठकुठले जाणकार ते बघतात, नाव सुचवतात, आणि त्यांचं एकमत झालं की नोंद पक्की.

"पण ताई, सुरुवात कशानं करू?"

"घरापासून कर. भिंतीवर पाल असेलच की."

पाल होती. मी खाटेवर चढून फोटो काढू लागले, तर माझी माय, सखूबाई, चुलीपासून ओरडली, "पालीचा फोटू कामून काढू लागलीस गं? तिला स्थळ आलंय का?"

पालीची नोंद सकाळपर्यंत पक्की झाली. कुण्या बंगलोरच्या माणसानं माझ्या घरातली पाल बघून मान डोलावली म्हणून मला कोण आनंद! मग चिमणी, सरडा, म्हशीच्या पाठीवरचा बगळा. सुट्टीच्या दिवशी आबांच्या मागं माळावर जाऊ लागले. टिटवी, चंडोल, एकदा पळता ससा, त्याचे नुसते कान आले. आबांची मदत म्हणाल तर शून्य. त्यांना उडणारं मोठं दिसलं की घार. "आबा, ही घार नाही, शेपटी बघा की." "घारच हाय. तुझ्या फोनला काय कळतंय?" पण ते उन्हाला हात आडवा धरून बघायचे, आणि मला दिसलं नसलं तर बोटानं दाखवायचे. बापलेकीत इतकं बोलणं आमच्यात आधी कधी झालं नव्हतं.

पण हे सगळं ज्याच्यासाठी, त्याचं नाव आमच्या घरात कुणी काढत नाही.

लांडगा. मी लिहिते. माझ्यामागं मेंढरं नाहीत, माझ्यामागं सुपरवायझर आहे. आबा नाही काढायचे. मेंढराच्या कानावर ते नाव गेलं की मेंढरू बुजतं, अन् त्याच्या कानावर गेलं की तो येतो, असं आमच्यात पिढ्यान्पिढ्या चालत आलंय. माय म्हणायची, "मानसाचं नाव काढल्यावर मानूस आलं तर शंभर वर्सं आयुष्य. ह्याचं नाव काढल्यावर ह्यो आला तर कोकराचं आयुष्य संपलं." म्हणून म्हणायचं, वाघरू. आमच्या वस्तीतलं शेंबडं पोरही सांगंल, वाघरू म्हणजे कोण. वस्तीच्या बाहेर मात्र वाघरू म्हणजे वाघ, नाहीतर बिबट्या.

आता तुम्ही म्हणाल, मेंढपाळाला त्याची कशाला माया? माया नव्हतीच. वर्षाकाठी एखादं कोकरू तो नेणारच. आबा त्याला आयमायवरून शिव्या द्यायचे, दगड भिरकवायचे, कुत्री सोडायचे. पण बिळाला कधी हात लावला नाही. "त्याचा वाटा त्यानं न्हेला," म्हणायचे. "त्यो बी ह्या माळाचाच, आपुन बी ह्या माळाचंच. त्याला काय कंपनीत नोकरी हाय?"

त्या हिवाळ्यात ओघळीच्या काठात, करवंदाच्या जाळीखाली मादीनं पिल्लं घातली होती. आबांनी मला लांबूनच दाखवलं. "हितूनच काढ काय काढायचं ते. जवळ गेलीस तर ती पिल्लं उचलून न्हेती." सकाळच्या उन्हात पिल्लं बिळाच्या तोंडाशी एकमेकांच्या अंगावर पडत होती, आणि मादी पुढचे पाय ताणून बसली होती. मी फोनात चित्र वाढवलं, वाढवलं, तर सगळं दाणेदार झालं. चार-पाच मातकट ठिपके आणि एक मोठा ठिपका. तेच टाकलं.

जाणकारांनी खाली लिहिलं, 'भटकं कुत्रं असावं.'

मी आबांना वाचून दाखवलं, हीच चूक झाली. मेंढरू चोरीला गेल्यावरही आबांना मी इतकं चिडलेलं पाहिलं नव्हतं. "कुत्रं? कुत्रं म्हंत्यात? आरं, तुमच्या बापानं पाह्यलं व्हतं का असलं कुत्रं?" कितीतरी वेळ ते एकटेच माळाकडं बघून पुटपुटत होते. मी प्रेरणाताईंना फोन केला. त्यांनी बिचाऱ्यांनी समजावलं, "अक्षदा, फोटोत खरंच कळत नाही गं. चेहरा, अंगाची एक बाजू, काहीतरी स्पष्ट पाहिजे. पण घाई करू नको, पिलांना त्रास नको. आपण हरकत घेतलीये ना, त्यामुळे पुन्हा पाहणी होणार आहे. आबांनी साहेबांसमोर नुसतं सांगितलं की इथं लांडगा आहे, पिलं आहेत, तरी त्यांना ते लिहून घ्यावं लागेल. मीही येते त्या दिवशी. मग निरंक म्हणून दाखवू देत."

आबांनी सांगितलं, तर!

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी दार लावून घेतलं आणि म्हणलं, "आबा, मी साहेब. सांगा, माळावर काय बघितलं?"

"वाघरू."

"आबा!"

"आगं, मेंढरं भिताडाच्या पलीकडंच बसल्यात."

"झोपलीत ती. हळू म्हणा."

आबांनी घसा साफ केला. दाराकडं बघितलं. "लां," म्हणाले, आणि थांबले. माय लगेच उठली, तांब्यातलं पाणी उंबऱ्यावर शिंपडलं आणि मलाच म्हणाली, "भवाने, तुझ्या फोनापायी घरावर काय आनती?" मी म्हणलं, "माय, मी काही आणत नाही. आहे ते जाऊ नये म्हणून करू राहिले." मग आबा हसले. म्हणाले, "म्हनतो गं. त्या दिशी मेंढरं तुझ्या मायकडं देतो, लांब धाडतो, अन् सायबाच्या कानात सांगतो. झालं?" मी म्हणलं झालं. मला खरंच वाटलं होतं, झालं.

पाहणी मंगळवारी ठरली होती. मी रजा टाकली होती. साहेब सोमवारीच आले, सांगून ना सवरून. मी शिफ्टवर होते, आणि आमच्या कंपनीत फोन दारावरच्या कपाटात ठेवून आत जावं लागतं. प्रेरणाताई शहरात वर्गावर.

पुढचं सगळं मी कडुबाच्या व्हिडिओत बघितलं. कडुबा म्हणजे कंपनीच्या गेटावरचा चहावाला. पन्नाशी उलटली, पण दोन वर्षांपासून त्याला बातम्यांचं खूळ लागलंय. फोनला काठी लावतो अन् 'कडुबाची खबर' म्हणून ग्रुपवर टाकतो. कुठं टायर फुटलं, कुणाची म्हैस विहिरीत पडली, सगळीकडं हा हजर. जीप माळाकडं वळताना दिसली, तसा चहा उकळता सोडून हाही मागं गेला.

व्हिडिओत साहेब आहेत, त्यांचा एक पाय अजून जीपमध्येच आहे. आबा समोर उभे आहेत. आणि त्यांच्या चारी बाजूंनी मेंढरं. पायाला घासणारी, घोंगडी हुंगणारी. साहेब घड्याळ बघतात, म्हणतात, "हरकत तुमचीच ना? काय दिसतं तुम्हाला इथं? लवकर बोला."

आबा म्हणतात, "सायेब, जरा हिकडं बाजूला येता का?"

"इथंच बोला."

आबा मेंढरांकडं बघतात. मी ते इतक्या वेळा बघितलंय की मला त्यांच्या नाकपुड्या फुललेल्याही दिसतात. त्यांचा ओठ हलतो. 'लां' म्हणायला जीभ वर जाते, हे मला दिसतं, दुसऱ्या कुणाला दिसणार नाही. एक कोकरू त्यांच्या गुडघ्याला डोकं लावतं. आबा त्याच्या डोक्यावर हात ठेवतात, आणि म्हणतात, "वाघरू हाय, सायेब. पिल्लं हायेत."

"वाघ?"

"व्हय. वाघरू. त्या ओघळीत."

साहेबांचा पाय जीपमध्ये जातो. काच वर होते. मग कडुबा फोन आपल्या तोंडाकडं फिरवतो आणि कापऱ्या आवाजात सांगतो, मंडळी, आत्ताच मिळालेली खबर, माळावर बिबट्या, पिल्लांसह. शेवटी जाता जाता आबांच्या पाठीवर थाप मारतो, "बिरूतात्या, पोरीच्या फोनानं तुमचं नाव काढलं बरं का!"

आबा बावळटासारखे हसतात. काय बोललो हेच त्यांना उमगलेलं नाही. त्यांनी तर देवाची आण घेतल्यासारखं खरं सांगितलं होतं.

संध्याकाळी मी गेटाबाहेर आले तर बायका घोळक्यानं उभ्या, कुणी एकटी निघेना. शाळा सोडून दिली म्हणत होत्या. कुणी म्हणे शेळी नेली, कुणी म्हणे बाई ओढली. कपाटातून काढून आणलेला फोन उघडला तर त्यात नुसता बिबट्याच बिबट्या. कुठल्या कुठल्या जंगलातले, रात्रीचे, डोळे चमकणारे, आणि सगळ्यांखाली आमच्या माळाचं नाव. मी ग्रुपवर लिहिलं, 'तो बिबट्या नाही, लांडगा आहे, त्याला त्रास देऊ नका.' खाली एकानं लिहिलं, 'मग तर मारलाच पाहिजे.' त्याला हसरे चेहरे आले.

मी पळत सुटले. माळावर धूर दिसत होता.

गवत वाळून कोळ झालेलं. त्याला काडी लावायला शौर्य लागत नाही. वरच्या गावातली पोरं होती, कंपनीतली होती, आमच्या वस्तीतलीही असतील. मी पोचले तोवर सगळे पांगले होते. विचारलं तर कुणीच नव्हतं. मी त्यांची नावं घेऊन काय करू, माहीत सगळ्यांना आहेत. बिळाच्या तोंडाशी कडबा आणि जुनं टायर कोंबून पेटवलं होतं. मादी कुठं गेली कळलं नाही. तिला काठ्यांनी हाणलं, असं कुणी म्हणत होतं. पिल्लं आत होती.

आबा तिथंच बसले होते. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. पिल्लं त्यांनी बाहेर काढून घोंगडीवर ठेवली होती. पाच. एकाचंही अंग जळलेलं नव्हतं, नुसत्या धुरानं गेलेली. कान मऊ, पायाचे पंजे अंगाच्या मानानं मोठे. इतक्या जवळून मी पहिल्यांदाच बघितली.

प्रेरणाताईंचा फोन आला. त्या रडत होत्या. मग म्हणाल्या, "अक्षदा, मला माफ कर, पण फोटो काढ. जवळून. चेहरा, बाजू, सगळं." मला त्यांचा भयंकर राग आला. तरी काढले. उजेड चांगला होता, हलत कुणी नव्हतं. माझ्या आयुष्यातले सगळ्यात स्वच्छ फोटो. ॲपनं नेहमीसारखं विचारलं, कुठं, कधी, आणि त्याखाली एक प्रश्न ज्याच्याकडं मी आजवर बघितलंच नव्हतं : जिवंत की मृत. मी दाबलं.

मग मी आबांकडं वळले, आणि माझ्या तोंडाला आवर राहिला नाही. "एक शब्द, आबा! एक शब्द म्हणायचा होता तुम्हाला! घरात घोटून घेतला ना मी तुमच्याकडून? मेंढरं बुजली असती तर बुजली असती! तुमच्या त्या वाघरूनं मारलं ह्यांना. तुम्ही मारलं!"

आबांनी घोंगडीची कडा घेऊन पिल्लांवर पांघरली. माय मेंढरं घेऊन आली होती, ती म्हणाली, "बास कर गं. बास कर." मी बास केलं, पण शब्द काय परत घेता येतात? ते तिथंच राहिले, राखेत.

सकाळपर्यंत नोंद पक्की झाली. सात जाणकारांचं एकमत. कुत्रं म्हणणाऱ्या माणसानंही मत बदललं, वर 'उत्तम नोंद, या भागातली पहिलीच' असं लिहिलं. ॲपनं अभिनंदन केलं. पालीच्या वेळी केलं होतं तसंच, तितकंच.

प्रेरणाताई ती नोंद घेऊन तीन-चार ऑफिसांत फिरल्या. खरंच फिरल्या, मी त्यांना दोष देत नाही. शिमग्याच्या आधी भिंतीवर नवा कागद लागला. माळावर बिबट्याचा माग काढला, मिळाला नाही. मृत पिल्लांची नोंद घेण्यात आली आहे. सध्या वन्यप्राण्यांचा वावर, निरंक. यावेळी त्यात खोटं काहीच नव्हतं. मी घरी येऊन वाचून दाखवला. निरंक म्हणजे कोण जनावर, हे आबांनी विचारलं नाही.

त्या दिवसापासून ते माझ्याशी बोललेच नव्हते. रागानं नाही. राग असता तर मी सोसला असता. नुसतं बोलणं संपलं होतं. मी उडतं पाखरू दाखवून म्हणायचे, "आबा, घार ना?" ते मान हलवायचे, बघायचे नाहीत.

सुट्टीच्या दिवशी मी आणि माय त्यांच्यासंगं गेलो. व्यापारी पुढच्या आठवड्यात मेंढरं बघायला येणार होता. ओघळीच्या अलीकडं सगळं काळं, पलीकडं थोडं पिवळं उरलेलं, तिथं मेंढरं लावली. आबा काळ्या भागात गेले, बिळाच्या वरच्या दरडीवर उभे राहिले. काठी खाली ठेवली. मला वाटलं, बसतील.

ते म्हणाले, "लांडगा."

मायनं तोंडाला पदर लावला.

"लांडगा," आबा पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. मेंढरांकडं तोंड करून. मग माळाकडं वळले, दोन्ही हात तोंडाशी धरले, अन् पलीकडच्या वस्तीवरच्या माणसाला घालावी तशी साद घातली, "लांडग्याऽऽ! आरं लांडग्याऽऽ, ये रं! नाव काढलं बघ तुझं! समद्या मेंढरांदेखत काढलं! ये की आता!"

मी म्हणलं, "आबा, नका." मी त्यांचा हात धरला. "माझं चुकलं आबा, मी बोलले ते. घरी चला." त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. आवाज फुटेपर्यंत हाका मारत राहिले. कंपन्यांच्या भिंतींवरून तेच नाव आमच्याकडं परत यायचं.

आबांचा घसा बसला. मग माझी माय पुढं झाली. जिनं जन्मात ते नाव ओठावर आणलं नव्हतं, जी आबांच्या एका 'लां'वर उंबऱ्यावर पाणी शिंपडत होती, तिनं पदर डोक्यावर नीट घेतला, आबांच्या शेजारी उभी राहिली, आणि कोकराला बोलवावं तशा आवाजात म्हणाली, "ये रं लांडग्या. तुझा वाटा ठिवलाय. ये."

मेंढरं चरत होती. एकाही मेंढरानं मान वर केली नाही. आम्ही तिघं दिवस मावळेस्तोवर तिथं उभे होतो, अन् कुणी आलं नाही.